खंजिरीवरची धामण

अमरावती
सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५

सुभद्रे,

सगळ्यात आधी आली ते नीलम. पाव्हणे यायचे होते दुपारी, अन् हे पोट्टी सकाळच्या चहाच्या आधीच दारात उभी, स्कुटीवर पायापाशी डबा ठेवून. नीलम म्हणजे आपल्या आचलची मैत्रीण, घरीच केक करून विकते. मंग दुपारी आली तुमची अकोल्याची मंडळी. पार्बताबाई पुढं, तिच्या हातात पिशवी, पिशवीत दिवाळीचे उरलेले अनारसे, मऊ पडलेले. तिच्या मागून तिचा भाऊ खुशालराव. अन् सगळ्यात शेवटी तिचा नातू, आपला होणारा नातजवाई शेखर, दारातच चप्पल काढून निरा लाजून राहिला. त्याचे मायबाप आले नाही. कापूस फुटला अन् वेचाले बाया भेटून नाही राह्यल्या, म्हणे. खरं असन. आमच्याकडंबी तेच चालू हाय.

तुले फोन नाही केला, कारण फोनवर तुले निम्मं ऐकू येत नाही अन् उरलेलं निम्मं तू आपल्या मनानं लावते. कानातलं मशीन डब्यात ठेवाले घेतलं का? तुह्यापायी चौथी शिकलेल्या बाईले पानंच्या पानं लिहा लागून राहिले. अक्षर सांभाळून घे.

आता केकाचं सांगते. लग्नात केक कायले, असं आधी मीच म्हणलं होतं. जिलेबी हाय, बुंदी हाय, वरण-रोडगे हाय. पण आजकाल रिसेप्शनले कापतात. अन् नीलमची रीत मले भल्ली आवडली. ते चित्राचं पुस्तक पुढं टाकत नाही. नवरानवरीले समोरासमोर बसवते अन् इचारते, तुले कायचा नाद, तुले कायचा नाद. मंग दोघायचा नाद एका जागी आणून केक घडवते. तसा केक दुसऱ्या कोणाच्या लग्नात पाहाले भेटत नाही.

शेखरले खंजिरीचा नाद. भजनी मंडळात वाजवते. तू त्याले पहिल्यांदा घेऊन आलती तवाचं आठवते का? आपल्या आचलनं पहिला सवाल काय केला, तर तुमच्या खंजिरीले चामडं कोणाचं हाय. पूर्वी घोरपडीचं लावत ना, त्याच्यापायी घोरपडी मारत. तो म्हणे, बकरीचं. तवा कुठं पोट्टीनं त्याच्या हाती चहाचा कप देल्ला.

अन् आचलचा नाद तर साऱ्या अमरावतीले माईत हाय. कोणाच्या घरात साप निघाला का हिले फोन. हे काठी अन् बरणी घेऊन जाते, पकडते, रानात सोडून येते. पेपरात सर्पमित्र म्हणून नाव छापून येते. शिकवणीच्या वर्गात जीवशास्त्र शिकवते ते पोटासाठी, अन् हे जिवासाठी.

नीलमनं कागदावर काढून दाखवलं. खाली हे मोठी खंजिरी, बाजूनं साखरेच्या झांजा, त्यायले चांदीचा वर्ख. अन् खंजिरीवर वेटोळं घालून बसलेली धामण, पिवळसर, डोकं जरासं वर, जशी काही भजनच ऐकून राहिली. साखरेचं पीठ कणकीसारखं मळून करते ते. आतमधी संत्र्याचा केक. एक तुकडा मले चाखाले देल्ला. मी म्हणलं, माय, अंडं नाही ना? नाही म्हणे, आजी. मंग मी दुसराबी घेतला. सुभद्रे, तोंडात ठेवला का संत्र्याच्या बगीच्यात उभं राहिल्यासारखं वाटते. मले इतका आनंद झाला का मी त्या कागदाले हळदकुकू लावलं. श्याम हासला. म्हणे, आई, तो केक हाय, सातबारा नाही. हासू दे. पोरगा माहा हाय पण अक्कल सासऱ्यावर गेली.

अन् तिथंच माशी शिंकली. खुशालराव म्हणे, याच्यावर सुरी कोण चालवन? नागपंचमीले आपण भाजी चिरत नाही, तवा ठेवत नाही, अन् लग्नाच्या दिवशी नवरानवरी सापावर सुरी धरतीन का? मी म्हणलं, नाग नाही हा, धामण हाय, उंदरं खाते, शेतकऱ्याच्या कामाची. तर म्हणे, विहीणबाई, सापाची जात इचारून सुरी चालवाची का? सारे हासले. मले राग आला, पण बोलणं खोटं नव्हतं.

पार्बताबाई हासली नाही. ते उठली, अन् जाता जाता अंगणात नीलमले बाजूले घेऊन कायतरी कानात सांगतलं. माह्या अंगणात, माह्या नातीच्या केकाचं, अन् मले सोडून. नीलमचं तोंड उतरलं. इचारलं तर म्हणे, काही नाही, आजी. असा राग आला का ते अनारसे उचलले अन् गाईले घातले.

तू तिच्या भिंतीले भिंत लावून राहाते. सोयरीकबी तूच जमवली. तिच्या पोटात काय हाय ते काढ अन् मले कळव.

वच्छला


अकोला
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

बाई,

नमस्कार. पत्र मिळालं. मशीन कानात घातलं की शिट्टी वाजते, मग कुत्रे भुंकतात, म्हणून काढून ठेवलं आहे. अनारसे गाईले घातल्याचं मी इथं कोणाले सांगितलं नाही. तूही सांगू नको.

तू उगाच डोक्यात राख घालून घेते. केकच तो. संध्याकाळी कापणार, रात्री पोटात जाणार. साप काढला तर चव बदलणार आहे का? त्या जागी मोर बसवा, कमळ बसवा, नाहीतर नुसती खंजिरी ठेवा. खुशालरावांचं म्हणणं मले पटलं. आपल्या आईनं नागपंचमीले आपल्याले विळ्याजवळ तरी बसू दिलं होतं का? दिंडंसुद्धा उकडून खायचो.

पार्बताबाई वाईट नाही. सकाळी सडा टाकते तेव्हा माझ्याही दारासमोर टाकते, मी न सांगता. पण मोठं घर आहे, चार माणसांत उठणं-बसणं आहे. लग्नाच्या मांडवात साप पाहून लोक नावं ठेवतील, एवढंच तिच्या मनात असेल. मी विचारलं, काही विशेष नाही म्हणाली. तू त्या अंगणातल्या कानगोष्टीचा एवढा बाऊ करू नको.

आणि आचलले चार गोष्टी समजावून सांग. लग्न झालं, घरदार मागं लागलं, की या नादाले वेळ कुठं राहते? आपोआप सुटते. तू नाही का माहेरी विटीदांडू खेळायची, पोरांना रडवायची? सासरी गेली आणि सुटलंच ना.

संत्र्याच्या केकाचा एक तुकडा माझ्यासाठी कोणासोबत पाठवता आला असता. असो. तुझ्या लक्षात राहिलं नसेल.

सुभद्रा


अमरावती
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

सुभद्रे,

विटीदांडू सुटला नाही. सासूनं माहा दांडू चुलीत घातला अन् त्याच जाळावर माह्या हातानं भाकरी भाजून घेतल्या. ते तुले माईत नाही, कारण मी कोणाले सांगतलं नाही. तवा मले आपोआप सुटते म्हणून शिकवू नको. आपोआप पान बी गळत नाही, पाडाले वारा लागते.

आता ऐक इकडं काय झालं. परवा नीलम आली, डब्याबिगर, तोंड पाडून. आचल जेवाले बसली होती. नीलम तिले म्हणे, तू मले सांगतलं नाहीस का तू सापं पकडणं सोडलं. आचलच्या हातातला घास तसाच राहिला. म्हणे, कोणं सोडलं?

मंग नीलमनं सारं सांगतलं. पार्बताबाई अंगणात तिले काय म्हणे, तर केकावर साप काढू नको, पोरीनं ते काम सोडून देल्लं हाय, त्या जागी तुळशीले पाणी घालणारी सून काढ, डोक्यावर पदर अन् हातात तांब्या. नीलमले वाटलं मैत्रिणीनं आपल्यापासून लपवलं, म्हणून ते इतके दिवस गप होती. आदल्या दिवशी पार्बताबाईचा तिले पुन्हा फोन आला, पदर हिरवा पाह्यजे म्हणून. पदराचा रंगबी ठरला, सुभद्रे, अन् ज्या डोक्यावर तो पदर यायचा त्या डोक्याले पत्ता नाही.

आचलनं लागलीच शेखरले फोन लावला. म्हणे, मी सोडलं म्हणून तुमच्या घरी कोणं सांगतलं? तो पोट्टा सवाल टाळून राहिला. मंग म्हणे, आजीले मी समजावतो, तू राग नको धरू. म्हणजे त्याले माईत होतं. घरात हे बोलणं चालू होतं अन् हा तिकडं झांजा वाजवत बसला होता. पोट्टीनं फोन ठेवला नाही तवर मी तो तिच्या हातातून घेतला अन् त्याले म्हणलं, बाबू, तुले पदरवाली बायको पाह्यजे होती तर आमच्या पोरीले काहून इचारलं, आजीच्या पदराआड बसून खंजिरी वाजवाची होती तर घरीच बसाचं होतं. आणखीनबी म्हणलं, ते लिहीत नाही. तो म्हणे, आजी ऐका तरी. मी फोन बंद कराले गेली तर त्याची बॅटरीच लागली, उजेड साऱ्या घरात. राग दाखवाले जुना फोनच बरा होता, आपटता तरी येत होता.

संध्याकाळी भातकुलीच्या रस्त्यावरून एकाचा फोन आला, कापसाच्या गंजीत नाग. पोट्टी गेली. श्याम तिच्या मागं गाडीवर. परत आली, हातपाय धुतले अन् मले म्हणे, आजी, केकावर धामणच राहीन. नसन चालत तर केक नको. अन् केकावर चालत नसन तर घरात बी चालणार नाही, मंग लग्नबी नको.

सूनबाई आरती तवापासून रडून राहिली, पत्रिका छापाले गेल्या म्हणून. श्याम म्हणते, जरासं घ्या सांभाळून, केकाले काय धरून बसता. म्हणजे घरात दोन पार्ट्या झाल्या, अन् माही पार्टी लहान हाय पण आवाज मोठा हाय. मले दोघायचाबी राग आला. पोरीनं साप पकडला का फोटो काढून साऱ्या नातेवाइकायले पाठवणारा हाच माहा पोरगा.

मले वाटते शेखरनंच आजीले खूश कराले सांगतलं असन का पोरगी सोडते. तू जाऊन पार्बताबाईले सांग, पोरीनं काही सोडलं नाही. अन् तिले कोणं सांगतलं ते तिच्या तोंडून काढ. ज्यानं सांगतलं त्याले मी सोडणार नाही.

वच्छला


अकोला
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

बाई,

शेखरले शिव्या देण्याआधी मले विचारायचं होतं. तो पोरगा धड जेवत नाही, भजनाले गेला नाही, घरात कोणाशी बोलत नाही. त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. आजीच्या तोंडून ऐकलं तेव्हाच त्याले कळलं, आणि त्याले वाटलं आचलच बोलली असेल म्हणून तो गप राहिला.

मी सांगितलं.

हो, मी. आणि त्याची मले काडीची लाज नाही. आधीची स्थळं आठव. एक जण आचलच्या हातचा चहा अर्धा टाकून उठला. दुसऱ्याच्या आईनं घरात ती रिकामी बरणी पाहिली आणि पाय वर घेऊन बसली, ते निघेपर्यंत खाली ठेवले नाही. पोरगी तिशीले टेकली. तुम्ही तिकडं फोटो वाटत होते आणि इकडं स्थळांसाठी दारोदार मी फिरत होते. पार्बताबाईनं विचारलं, सापाचं काय? मी म्हटलं, लग्न झालं की सोडते. सोयरीक जमवताना कोण सगळं खरं सांगते? तिनं शेखरची उंची वाढवून सांगितली, मी आचलची सापं कमी करून सांगितली.

आणि तुले वाटते तसं तिले सापाचं भेव नाही. शेतातली बाई आहे, तिनं तुझ्यापेक्षा जास्त पाहिले. तिले भेव आहे फोनचं. परक्या माणसाचा वेळी-अवेळी फोन येणार, सून गाडी काढून जाणार, आणि ती कुठं गेली हे घरच्यांना शेजारपाजारचे सांगणार. आमच्या गल्लीत हे चालत नाही, बाई. तुझ्या गल्लीत चालत असेल, तिथं तुझ्यासमोर कोणाची तोंड उघडायची हिंमत नाही.

शेखर काल माझ्याकडं आला होता. त्याले मी खरं सांगून टाकलं. तो चहाही न घेता उठून गेला. आता घरी काय सांगेल ते सांगेल. रविवारी ते तुमच्याकडं येणार आहेत असं कानावर आहे. तू गप राहिली तर मी अजूनही सगळं ओढून-ताणून जुळवून घेईन. तोंड उघडलं तर सोयरीक मोडेल, आणि ती तू मोडली असं मी साऱ्या गोतात सांगेन.

सुभद्रा


अमरावती
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

सुभद्रे,

मी तोंड उघडलं.

तुहं पत्र आलं तवा मी तूर निवडून राहिली होती. वाचलं अन् सूप फेकलं. तूर अजून कोपऱ्याकापऱ्यात सापडून राहिली. लहानपणी तू माह्या पाटीवर नाव खोडून आपलं लिहीत होती, तशीच राहिली तू. पोरीचं सारं आयुष्य खोडून आपल्या मनचं लिहिलं अन् वरून मले धमकी.

रविवारी पार्बताबाई आली अन् शेखर. खुशालराव नव्हता. यावेळी पिशवी नाही, हातात काही नाही. खुर्चीत टेकून बसली नाही, कडेले बसली. मी नीलमलेबी बोलावून ठेवलं होतं, भांडण तिच्या कागदावरून सुरू झालं म्हणून. आरती पाणी घेऊन आली, तिनं ग्लास हाती देल्ला नाही तवरच मी म्हणलं, पार्बताबाई, पोरीनं काही सोडलं नाही अन् सोडणार नाही. सोडते म्हणून सांगणारी माही बहीण होती, ते खोटं बोलली. आता तुमी काय ठरवाचं ते ठरवा. श्याम म्हणे, आई, आधी पाणी तर पिऊ दे. मी म्हणलं, पाणी प्याल्यावर माणूस नरम होते, मले नरम व्हाचं नाही.

पार्बताबाई म्हणे, मले माईत हाय, शेखरनं घरी सारं सांगतलं. मी सापासाठी नाही आली. मी खोट्यासाठी आली. तुमच्या बहिणीनं मले माह्याच ओसरीवर बसून येडी बनवलं, मी तिच्या दारात सडा टाकत होती तवाबी ते हासत असन. अन् तुमी, तुमी माह्या नातवाले फोनवर काय काय बोलल्या. त्याच्या बापानं त्याले तसं कधी बोललं नाही.

हे खरं होतं. मी शेखरकडं पाहून म्हणलं, बाबू, त्या शिव्या मी वापस घेते. त्या माह्या बहिणीच्या नावच्या होत्या, पत्ता चुकला. तो म्हणे, जाऊ द्या, आजी. माणूस चांगला हाय तो, सुभद्रे. उंची कमी हाय, पण चांगला हाय.

मंग पार्बताबाईनं आचलले समोर बसवलं. म्हणे, तू सांग. आमच्या घरी आल्यावर फोन आला तर?

पोट्टी म्हणे, जाईन.

रात्री आला तर?

सापं रात्रीच जास्त निघतात, आजी.

अन् तू कुठं गेली ते आमाले शेजारच्यायनं सांगाचं?

पोट्टीनं माह्याकडं बोट केलं. म्हणे, इथं मी आजीले सांगून जाते. तिथं तुमाले सांगून जाईन.

पार्बताबाईचा आवाज चढला. म्हणे, सांगून नाही, उठवून. मी झोपली असन तर हलवून उठवाचं. दार मी लावीन, अन् तू येत नाही तवर मी बसून राहीन. कोणी इचारलं तर मीच सांगीन का माही सून कुठं गेली. शेखर संग जाईन. कबूल असन तर आत्ताच बोल, मांडवात उभं राहून नाही.

आचल म्हणे, कबूल. पण यानं लांब उभं राहाचं, मधात मधात कराचं नाही. शेखर म्हणे, मी गाडीवरूनच उतरणार नाही. सारे हासले. पार्बताबाई अन् मी नाही हासलो. आमचा राग अजून जागेवर होता. चहा आला तर ते म्हणे, मी रागात चहा पीत नाही. मी म्हणलं, मीबी पीत नाही. दोघीयचे कप श्यामनं पिऊन टाकले.

मंग केकाचं निघालं. ते म्हणे, बाकी सारं ऐकलं, पण सापावर सुरी मात्र मले खपत नाही, माह्या भावानं म्हणलं ते निमित्त नव्हतं. नीलम म्हणे, मंग धामण चिकटवतच नाही, नुसती वर ठेवते. आचलनं आधी आपल्या काठीनं ते अलगद उचलून बाजूच्या ताटात ठेवाची, जशी खरी उचलते तशी, मंग दोघायनं खंजिरी कापाची. शेखर म्हणे, अन् खंजिरीवर सुरी चालते का? आचल म्हणे, बकरीचीच हाय ना, चालते.

पार्बताबाई त्या कागदाकडं पाहातच राहिली. म्हणे, अन् मंग त्या धामणीचं काय कराचं? नीलम म्हणे, खाऊन टाकाची, आजी, साखर हाय. पण खाईन कोण? आरती नाही म्हणे, श्याम नाही म्हणे, मीबी नाही म्हणलं, गोडाचा कितीबी सोस असला तरी साप कसा खाल्ला जाईन. आचल म्हणे, पकडला का सोडा लागते.

तर पार्बताबाई म्हणे, मंग आमच्या घरी सोड. देवघराच्या फळीवर ठेवू. मुंग्या खातीन तवर राहू दे.

सुभद्रे, हे ते तोंड वाकडं करूनच बोलली. मले आतून इतका आनंद झाला का उठून तिचे पाय धरावे वाटले. पण धरले नाही. रागात होतो ना दोघी.

आता तुहं. तुह्यावरचा माहा राग गेला नाही अन् एवढ्यात जाणारबी नाही. पार्बताबाईचा तर माह्यापेक्षा मोठा हाय. केकाचं पक्कं कराले, धामणीचा रंग अन् लांबी ठरवाले ते पुन्हा येऊन राहिले. तुले संग आणतो म्हणे, आपल्याच गाडीत, आपल्याच बाजूले बसवून. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत तिले तुह्याशी बोलाचं हाय. मी नाही म्हणलं नाही. नीलमले तुह्या वाटचा केक आणाले सांगून ठेवलं, तो इथं येऊनच खाजो, माह्यासमोर बसून.

येत्या रविवारी, तेवीस तारखेले, दुपारच्या जेवणाले येतो म्हणून गेले.

वच्छला